मालनचे डोळे लाल का होते

"डोळे का लाल झालेत गं?"

"झोप नाही झाली, मॅडम."

मालन आंबीनं एवढंच सांगितलं आणि बोटीची आपली बाजू खांद्यावर घेतली. मंगळवार होता, सकाळचे पावणेसात. चौघी जणी बोट उचलून घाटाच्या पायऱ्या उतरायला लागल्या आणि मी मागं उभी राहून तिच्या पाठीकडं बघत राहिले. झोप न झालेलं माणूस जांभया देतं. हिनं आल्यापासून एक जांभई दिली नव्हती. आठवडाभर डोळे लाल, आणि आठवडाभर सात मिनिटं उशीर. रोज सातच. कुठूनतरी ठरल्या वेळेला सुटून यावं तसा.

माझा स्वभाव मुळातच संशयी. आई म्हणायची, हिला देवळात प्रसाद दिला तरी वास घेऊन खाईल. त्या दिवसांत तर मला साऱ्या जगात काळंबेरं दिसत होतं, कारण माझं सगळं त्या रविवारावर टांगलेलं होतं. कृष्णाकाठच्या आमच्या मुलींच्या कॉलेजात मी रोइंगची मुख्य प्रशिक्षक होते, पण एका वर्षाच्या बोलीवर. रविवारी धरणाच्या पाण्यावर आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा होती. पदक आलं तर नेमणूक कायम, नाही आलं तर रामराम. प्राचार्य देवधरांनी हे मला चहा पाजून, हसतहसत सांगितलं होतं. वय एकतीस, लग्नाला नाही म्हणून घरच्यांशी वाकडं घेतलेलं, आणि बोट सोडून दुसरं काही येत नव्हतं.

आणि ते पदक होतं मालनच्या हातात. चौघींच्या बोटीत सगळ्या पाठमोऱ्या बसतात. जिकडं जायचं तिकडं पाठ. समोर बघते ती फक्त सुकाणूवाली, तिला आम्ही कॉक्स म्हणतो. तिच्या अगदी पुढ्यात बसते ती स्ट्रोक. स्ट्रोक जसं वल्हं मारेल तसं मागच्या तिघींनी मारायचं. मालन आमची स्ट्रोक. तरीवर लोकांना नदीपार नेणाऱ्या तातोबा नावाड्याची पोरगी, लहानपणापासून बापाच्या नावेत वाढलेली. पहिल्या दिवशी तिनं वल्हं हातात घेतलं तेव्हाच मी मनात म्हटलं होतं, देवानं दिली.

त्यात आदल्याच दिवशी मी तिला स्कूटरवरून उतरताना पाहिलं होतं. घाटाच्या अलीकडच्या वळणावर, वडाच्या आडोशाला. उतरली, ओढणी सारखी केली आणि जशी काही घरूनच चालत आली अशी घाटाकडं आली. स्कूटर राखाडी रंगाची, मागचा दिवा फुटलेली. ती स्कूटर मी डोळे मिटून ओळखली असती. तिच्यावर मागं बसून मी स्वतः सहा वर्षं सरावाला आले होते.

ती मगदूम सरांची.

गणपतराव मगदूम आधी आमच्या कॉलेजचे मुख्य प्रशिक्षक होते, चौदा वर्षं. मी त्यांची विद्यार्थिनी, मग त्यांच्या हाताखालची मदतनीस. त्यांची एक रीत होती. नवी मुलगी आली की पहिल्याच दिवशी ते तिला घाटाच्या शेवटच्या पायरीवर उभी करायचे आणि कपड्यांसकट सरळ नदीत ढकलायचे. स्वतः आधीच कमरेएवढ्या पाण्यात उभे असायचे. पोरी ओरडायच्या, सगळ्या हसायच्या, आणि मग ती मुलगी आमच्यातली झाली असं धरायचं. एका वर्षी एका वकिलाच्या मुलीला ढकललं. वकिलांनी तक्रार केली. कॉलेजनं माझ्याकडं अहवाल मागितला आणि मी जे होतं ते लिहून दिलं. रानटी प्रकार आहे, बंद व्हावा, असंही लिहिलं. सर गेले आणि त्यांची खुर्ची मला मिळाली. आता ते पलीकडच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या मुलींना शिकवत होते, आणि रविवारी त्यांची बोट आमच्या शेजारच्याच पट्ट्यात असणार होती.

तेव्हा माझी स्ट्रोक त्यांच्या स्कूटरवर काय करत होती, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. माणूस सूड उगवणारच. मी असते तर मीही उगवला असता.

सराव संपल्यावर मी नसीमला बाजूला घेतलं. नसीम मुजावर आमची कॉक्स, चाळीस किलोची, जीभ मात्र मणाची. अख्ख्या बोटीत मालनचं तोंड दिसायचं ते एका तिलाच.

"मालनचं काय चाललंय?"

"काय चाललंय?"

"मी तुला विचारतेय."

नसीमनं शिट्टीच्या दोरीला गाठ मारली, सोडली. "मॅडम, मी बोट बघू का मालनला बघू? दोन्ही होत नाही."

"सकाळी ती कुठून येते?"

"घरून येत असेल की."

तिनं माझ्याकडं न बघता सांगितलं आणि मी समजले, हीसुद्धा सामील आहे. कुठंतरी पाणी मुरत होतं आणि सगळ्यांना ठाऊक होतं, मी सोडून.

बुधवारी मी बोट मुद्दाम पुलाच्या वरच्या अंगाला नेली. तिथं बंधाऱ्यामुळं पात्र रुंद आणि खोल. धरणावर असंच पाणी मिळणार होतं. दहा दिवसांपूर्वीच मी पोरींना धरणाच्या गमती सांगितल्या होत्या. दुपारी वारा सुटतो, लाटा बोटीत येतात, गेल्या वर्षी एका कॉलेजची बोट भरली आणि पोरी पोहत काठाला आल्या, एकीची बांगडी हरवली म्हणून ती रडत बसली. सगळ्या खिदळल्या होत्या. आमच्या बोटी इतक्या अरुंद की अंगावर फुगीर जाकीट घालून वल्हं मारता येत नाही. बोट भरली की ज्याचं त्यानं पोहायचं.

मोटारबोटीतून मी बाजूनं चालले होते, घड्याळ हातात. पुलापर्यंत सगळं छान चाललं होतं. पात्र रुंदावलं तसा मालनचा हात आखडला. वल्हं आधी लांब जायचं ते निम्म्यावर यायला लागलं, आणि ती सारखी मान वळवून काठाकडं बघत होती. मागच्या तिघींचा मेळ गेला. हजार मीटरला आम्ही आठ सेकंद जास्त घेतले. आठ सेकंद म्हणजे पहिल्या नंबरावरून थेट पाचवा.

घाटावर मी सगळ्यांसमोर तिला म्हटलं, "हात राखून मारतेयस तू."

"नाही, मॅडम."

"कुणासाठी राखून ठेवतेयस?"

तिनं एकदा नसीमकडं बघितलं आणि वल्हं धुवायला गेली. तिच्या कानात कापसाचा बोळा होता. माझं ऐकायचं नाही म्हणून घातलाय, असंही मला वाटून गेलं. कावीळ झाल्यावर पिवळंच दिसायचं.

संध्याकाळी मी तरीवर गेले. तातोबा आंबी पलीकडून दुधाच्या किटल्या घेऊन आला होता. मी सहज विचारावं तसं विचारलं, "तातोबा, पोरगी सकाळी किती वाजता निघते घरातनं?"

"पाच वाजता की, बाई. तुमच्याकडंच येती. सराव लई कडक करताय म्हणं, शर्यत जवळ आली म्हणून." आणि कौतुकानं हसला.

सराव साडेसहाला. पाच ते साडेसहा, दीड तास. दीड तासात माणूस एक बोट विकून दुसरी घेईल. परत येताना मी रस्ताभर मनातल्या मनात मगदूम सरांशी भांडत होते.

गुरुवारी पहाटे पाच वाजता मी तरीच्या रस्त्याला लूना घेऊन उभी होते. मालन आली, वळणावर स्कूटरवर बसली. मी दिवा न लावता मागं मागं. मला वाटलं होतं ती इंजिनिअरिंगच्या बोटघराकडं जाईल. स्कूटर वळली उलटीकडं, बाजार समितीच्या मागं, आणि थांबली नगरपालिकेच्या जलतरण तलावापाशी.

फाटक आतून लावून घेतलं होतं. खरं सांगते, त्या क्षणी माझ्या मनात जे आलं ते लिहायची लाज वाटते. पुरुष माणूस, तरणी पोरगी, बंद फाटक. मी जाळीशी गेले. आत कट्ट्यावर मगदूमकाकू शाल गुंडाळून बसल्या होत्या, मांडीवर टॉवेल, शेजारी थर्मास. आणि लहान मुलांच्या उथळ भागात, जिथं पाणी जेमतेम छातीला लागतं, तिथं सर उभे होते. त्यांचा तळवा मालनच्या हनुवटीखाली. मालन पाण्यावर आडवी, दोन्ही हातांनी काठाचा लोखंडी दांडा गच्च धरलेला, डोळे वटारलेले, आणि पाय नुसते झाडत होती.

"दांडा सोड," सर म्हणाले. "मी धरलंय."

तिनं सोडला. दोन क्षण तरंगली आणि गडप झाली. सरांनी तिला बखोटीला धरून वर काढलं. ती खोकत, डोळे चोळत उभी राहिली. त्या तलावात औषध असं मारायचे की डोळ्यांची आग आग व्हायची.

मी फाटक वाजवलं. काकूंनी उघडलं. त्यांना आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही.

"ये," त्या म्हणाल्या. "चहा घेणार?"

मी काठाशी जाऊन उभी राहिले. मालननं मला बघितलं आणि पाण्यात गळ्याइतकी बसली.

"हिला पोहता येत नाही?" मी सरांना विचारलं.

"नऊ दिवस झाले. अजून पाय सुटत नाहीत." सर पायरीवर येऊन बसले, अंगातनं पाणी गळत होतं. "तुझ्या त्या धरणाच्या गमती ऐकून दुसऱ्या दिवशी घरी आली माझ्या. म्हणाली, शर्यतीआधी शिकवा, कुणाला सांगू नका."

"अगं, पण तू नावाड्याची..." मी मालनला म्हटलं. माशाच्या पिलाला पोहायला शिकवावं लागत नाही म्हणतात. मी कधी त्यापलीकडं विचारच केला नव्हता.

"आमच्यात पोरी पाण्यात उतरत नाहीत, मॅडम," ती म्हणाली. "पोरं उतरतात. आम्ही पायरीवर धुणं धुतो. नावेची भीती मला कधी वाटली नाही. नाव आमची आहे. नावेबाहेरचं पाणी भावांचं."

"तुम्ही तरी मला सांगायचंत, सर."

"सांगितलं असतं तर तू तिला काढली असतीस. ती म्हणाली, रविवारपर्यंत शिकेन." त्यांनी चष्मा पुसला. "नाही शिकणार. तुझं तू बघ आता. बोट तुझी आहे."

त्यांनी मला ढकलण्याच्या रितीची आठवण करून दिली नाही. अहवालाचंही नाव काढलं नाही. दोन शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. कारण मला तिथं उभ्या उभ्या कळलं होतं की त्यांच्या हाती मालन असती तर पहिल्याच सकाळी सव्वासात वाजता गोष्ट उघडी पडली असती. मी ती रीत बंद केली आणि तिच्या जागी एक फॉर्म आणला होता. छापील, तीन ओळींचा. 'वरील विद्यार्थिनीस पोहता येते.' खाली पालकांची सही आणि प्रशिक्षकाची सही.

खोटं कशाला बोलू, शुक्रवारी दुपारपर्यंत मी तिला बोटीत बसवणारच होते. मनाला सतरा कारणं सापडतात. वारा रोज सुटतो असं थोडंच आहे. बरोबर वाचवणाऱ्यांची मोटारबोट असते. भरलेली बोटसुद्धा बुडत नाही, धरून राहायचं. देवधर सरांना मी अर्धवट सांगून बघितलं, तर ते म्हणाले, "मॅडम, बोट काय रोज उलटते?"

"नाही, सर."

"फॉर्मवर सही कुणाची आहे?"

"माझी."

"मग तुमचीच सही असताना तुम्हालाच अडचण कशी येते?"

मला हे ऐकून हायसं वाटलं. वडीलधाऱ्या माणसानं पाप अर्धं वाटून घेतलं की हलकं वाटतं. तरीपण एक गोष्ट डोक्यात ठुसठुसत होती. संध्याकाळी मी तो फॉर्म पिशवीत घालून तरीवर गेले. तातोबाची एवढी मोठी, वळणदार सही होती त्यावर. नावाडी सातवीपर्यंत शिकलेला.

"तातोबा, ही सही तुमचीच ना? खाली काय लिहिलंय, वाचलं होतं?"

त्यानं कागद हातभर लांब धरून वाचला. मग नावेतल्या दोघा बायकांकडं बघून आवाज खाली आणला.

"वाचलं हुतं, बाई."

"मग तुम्ही सही का केलीत? तुम्हाला ठाऊक होतं ना तिला येत नाही ते?"

"नावाड्यानं कुठल्या तोंडानं लिवायचं, पोरीला पवता येत न्हाई म्हणून? गाव हसंल." त्यानं माझ्या सहीवर बोट ठेवलं. "आणि कागद घरी आला तवा खाली तुमची सही हुतीच की. मी म्हटलं, बाईंनी बघितलं असंल. न्हाईतर शिकवलं असंल. तुमची सही बघून माझा जीव भांड्यात पडला."

मी कागद परत घेतला. त्याचं खरं होतं. वर्षाच्या सुरुवातीला गडबड होती म्हणून मी कोऱ्या फॉर्मच्या सगळ्या गठ्ठ्यावर एका दमात सह्या करून ठेवल्या होत्या. सव्वीस फॉर्म. बापानं माझ्या सहीवर विसंबून सही केली, आणि मी बाप नावाडी म्हणून निश्चिंत राहिले. आठवडाभर मी सगळ्या गावात चोर शोधत फिरत होते.

शनिवारी सकाळी मी प्राचार्यांच्या टेबलावर लेखी पत्र ठेवलं. फॉर्म न पाहता सह्या केल्या, चूक माझी, मालन आंबी उतरणार नाही. मग घाटावर जाऊन मालनला सांगितलं. ती रडेल अशी माझी तयारी होती. ती रडली नाही. वल्हं भिंतीला टेकवून ठेवलं आणि शांतपणे म्हणाली,

"मॅडम, तुम्ही मला सगळं विचारलंत. डोळे लाल का. उशीर का. नसीमला विचारलंत, बाबांना विचारलंत. हे एवढंच नाही विचारलंत. पहिल्या दिवशी विचारलं असतं तर नाही म्हणाले असते. तेव्हा नाही म्हणायला काहीच लागत नव्हतं. आता अख्ख्या कॉलेजला कळलं."

मी भिंतीला टेकवलेलं वल्हं उचलून आत ठेवलं. नसीम पाठीमागं उभी होती.

रविवारी मालन आमच्याबरोबर धरणावर आली आणि पाण्याकडं पाठ करून बसली. तिच्या जागी राखीव असलेली शर्मिष्ठा घाटगे बसवली, जिवाच्या आकांतानं वल्हं मारलं बिचारीनं. आम्ही चौथ्या आलो. वारा अजिबात सुटला नाही. दिवसभर पाणी ताटासारखं होतं. मालन बसली असती तर केसालाही धक्का लागला नसता आणि आम्ही पदक घेऊन आलो असतो. हे मला त्या दिवशीही माहीत होतं आणि आज बावीस वर्षं दुसऱ्या गावात पोरींना शिकवतानाही माहीत आहे. मगदूम सरांची बोट दुसरी आली. त्यांनी लांबून हात केला. मी केला नाही. मला कळत होतं की माझंच चुकतंय, पण हात वर होईना.

मार्चअखेर माझी नेमणूक संपली. मालन माझ्याशी बोलायची नाही. समोरून आली तर दुसऱ्या बाजूनं जायची.

मे महिन्यात मी सामान बांधत होते तेव्हा नसीम निरोप घेऊन आली. "मालननं उद्या सात वाजता तरीवर बोलावलंय."

"कशाला?"

"जाऊन बघा की. सगळं आधीच कशाला कळायला पाहिजे तुम्हाला?"

मी गेले. उन्हाळ्यानं नदी आत सरकलेली, तरी मध्ये चांगली खोल होती. तातोबा नाव घेऊन तयार होता. मालन अंगात जुना पंजाबी ड्रेस घालून गुडघाभर पाण्यात उभी होती. पायरीवर धुणं धुणाऱ्या बायका हात थांबवून बघत होत्या. मी नावेत बसले तशी तिनं पाण्यात अंग टाकलं.

तातोबा तिच्या बाजूनं नाव चालवत होता. तिचं पोहणं काही देखणं नव्हतं. मान फार वर, पाय जड. मधोमध गेल्यावर ती थांबली आणि उताणी होऊन तरंगत राहिली, आभाळाकडं बघत, छाती भात्यासारखी वरखाली. तातोबानं वल्हं उचललं आणि मी त्याचा हात धरला. मग ती पालथी झाली आणि पुन्हा हात मारायला लागली.

पलीकडच्या काठाला पाय टेकल्यावर ती उभी राहिली. खोकली, नाकातलं पाणी शिंकरलं, आणि तीन महिन्यांनी पहिल्यांदा माझ्याशी बोलली.

"आता विचारा."

तातोबा नदीच्या दुसऱ्या अंगाला तोंड करून बसला होता.

"पोहता येतं का गं, मालन, तुला?"

"येतं," ती म्हणाली.

तिचे डोळे लालभडक झाले होते. नदीच्या पाण्यात काही औषध नसतं, पण का लाल झाले ते मी विचारलं नाही.